पहिला चीक

“मग मध बोटानं चाटवायचा, की सोन्याच्या अंगठीनं?”

टेकडीवरच्या मठाची पायरी चढता चढताच श्रीरंगनं विचारलं. काल पहाटे त्याला मुलगी झाली होती. काशीत शास्त्रं शिकून आलेला हा शिष्य, पण मधाचं कुठल्याच ग्रंथात नीट सापडेना.

केदारगिरीबाबा गोठ्यात शेण भरत होते. “आणि आईचं दूध?”

“अजून आलं नाही, बाबा.”

“थेंबही नाही?”

“येतं जरासं. पिवळं, चिकट. बाळंतपणाला आलेल्या मावशींनी पिळून टाकून दिलं. पहिलं दूध जड असतं, बाधतं म्हणाल्या.”

“आणि पोर?”

श्रीरंगचा आवाज उतरला. “रात्रभर रडली. आता दमलीये. नुसतं तोंड वळवून काहीतरी शोधत राहते… म्हणून तर धावत आलो.”

“ती काय म्हणते?”

“कोण?”

“जिचं दूध आहे, ती.”

“वैजू? ती म्हणते, माझ्या जवळ द्या. पण पहिलटकरीण ती, तिला काय कळणार? आणि बाबा, राग मानू नका, तुम्ही तर संन्यासी…”

“म्हणून तर तिचं विचारलं.”

बाबांनी हात धुतले. आतून केळीच्या पानावर खरवसाची वडी आणून त्याच्यापुढे ठेवली.

“खा.”

“आत्ता?”

“उपाशी माणसाला मधाचं काय सांगू?”

श्रीरंगनं तुकडा मोडला. वेलचीचा वास आला, आणि क्षणभर तो सगळं विसरला.

“कपिला व्यायली वाटतं! पहिल्या दिवसाचा चीक दिसतोय. त्याशिवाय असा घट्ट होत नाही.”

“जड नाही ना जायचा?”

“छे! अंगी लागतो. अमृत असतं हो हे, थेंब वाया घालवू नये…”

घास तोंडातच राहिला.

गोठ्यात दाव्याला बांधलेलं वासरू हंबरलं.



श्रीरंगनं पान हळूच बाजूला सरकवलं. “पण बाबा… वैजूला येतो तो चमचाभर. तेवढ्यानं तिचं काय होणार?”

बाबा उठले. त्यांनी वासराचं दावं सोडलं. ते धडपडत गेलं, चुकीच्या जागी तोंड घालून पाहिलं, मग आचळ सापडलं. चोखू लागलं. ढुशी दिली. पुन्हा चोखलं. कपिलेनं मान वळवून त्याची पाठ चाटली, आणि वासराच्या ओठांच्या कडेनं फेस ओघळू लागला.

“ढुशी देण्याआधी कुठं होतं हे दूध?” श्रीरंग पुटपुटला.



श्रीरंग तीन पायऱ्या एकदम उतरला. मग थबकून वळला.

“बाबा, मावशी दारातच बसल्यात. त्यांना काय सांगू?”

“सांग, वासरू सोडलं.”