मानाची पायरी

एका राज्यात डोंगराच्या कुशीत कातळाचा एक प्रचंड कटोरा होता. तो कुणी खोदलेला नव्हता. एका धनगरणीने तळाशी उभं राहून हरवलेल्या शेळीला हाक मारली, आणि वरच्या शेवटच्या दगडावर झोपलेल्या गुराख्याला ती कानाशी बोलल्यासारखी ऐकू आली. तेवढ्यावरून तिथे नाटकं होऊ लागली. तळाचा सपाट कातळ नटांचा, भोवतीच्या पायऱ्या लोकांच्या, वर आभाळ.

सुगी संपली की तिथे एकच नाटक व्हायचं, तीन अंकांचं. पहिल्यात राजा राज्य जिंके, दुसऱ्यात भोगे, तिसऱ्यात मुकुट लोकांच्या पायाशी ठेवून क्षमा मागे. राजा सिंहकेतूला तिसरा अंक रुचला नाही. त्याने सात वृद्ध मानकरी सर्वांत खालच्या पायरीवर वयाच्या क्रमाने बसवले आणि आज्ञा केली, की हे सात बसलेले असेपर्यंत तिसरा अंक होणार नाही. नटांचा गुरू मांत्रिक होता. त्याने कातळावर हात आपटून शाप दिला, की नाटक पुरं होईपर्यंत जो या तळावर बोलेल त्याचा आवाज कातळ गिळेल, आणि वर्षभरात तो माणूसही दगड होईल.

राजा मेला, गुरू मेला. मानकरी मात्र बावीस वर्षं बसूनच होते. लोक त्यांना तिथेच जेवण पोचवत. नट दोन अंक मुक्याने करत, मानकरी हात वर करत, लोक मुकाट घरी जात. तळाच्या कडेला एकोणीस माणसं दगड होऊन उभी होती. त्यांना शेंदूर लावायची पद्धतही पडून गेली होती.

त्या राज्यात केवडा आणि बकुळा या दोघी बहिणी बांगड्या विकत. एका दुपारी जवळची वाट म्हणून बकुळा टोपली घेऊन त्या तळावरून निघाली, पाय घसरला, आणि तिच्या तोंडून नुसतं “आई गं” निघालं. तेवढं पुरलं. पुढची सुगी आली तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत दगड चढला होता. हातातल्या बांगड्या हलत नव्हत्या.

केवडाने आधी मोठ्या माणसांना विचारलं. त्यांनी सांगितलं, धीर धर. मग तिने कपारीतल्या साळुंकीला विचारलं.

साळुंकी म्हणाली, “तीन कामं आहेत. तिसऱ्या अंकाचे शब्द कड्यावरच्या आग्यामाश्यांपाशी आहेत. राजाने फेकून दिलेला नाटकातला मुकुट तळ्याच्या तळाशी आहे. ते आण, आणि मग सात मानकऱ्यांना उठव.”

केवडा कड्यावर चढली. माश्यांनी तिला नव्वद डंख मारले आणि नव्वद वाक्यं सांगितली. तळ्यात बुडी मारली, तेव्हा मुकुटावर बसलेल्या नागाने एकच अट घातली, की पुन्हा कुणी इथे मुकुट टाकू नये. दोन्ही कामांना सात दिवस लागले. नाटकाच्या दिवशी सकाळी ती सुजलेल्या हातांनी, ओल्या लुगड्यात, तळाला पाय न लावता, मानकऱ्यांच्या पायरीवर येऊन उभी राहिली. नटांचा दुसरा अंक संपत आला होता.

सर्वांत धाकटा मानकरी सत्तरीचा होता. ती त्याला म्हणाली, “काका, उठा.”

“मोठ्यांच्या आधी कसा उठू, पोरी?”

दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याने, चौथ्याने, पाचव्यानेही तेच. सहावे तात्या म्हणाले, की आबा उठले की आम्ही सगळे उठू. गुडघे तर कधीचे गेलेत.

केवडा सातव्यापुढे गेली. आबांच्या कानात पाल राहत होती. त्यांचा एक पाय तळावर टेकला होता. पहिल्याच वर्षी त्यांनी तिथूनच ओरडून नाटक थांबवलं होतं.

“तात्या, आबा कधीचे दगड झालेत. शेजारी बसून तुम्हाला दिसलं नाही?”

“मोठ्यांच्या तोंडाकडे बघायची आमच्यात रीत नाही.”

केवडाला रागवायचं होतं, पण तेवढा जीव उरला नव्हता. ती एवढंच म्हणाली, “मग आता मोठे तुम्हीच.”

तात्यांनी पहिल्यांदाच मान वळवून आबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिने त्यांना ओढून उभं केलं. त्यांच्यामागून बाकीचे पाच, एकेक कण्हत, उठले. आबा तेवढे बसल्यासारखे राहिले. पण दगडाला बसलेला कोण म्हणणार?

केवडाने मुकुट घातला आणि तळावर जाऊन तिसरा अंक सुरू केला. प्रत्येक वाक्यासरशी कातळ तिचा आवाज थोडा थोडा ओढून घेत होता. साठाव्या वाक्याला घसा बसला. ऐंशीव्याला नुसती कुजबुज उरली, तरी ती शेवटच्या पायरीपर्यंत पोचत होती. एकोणनव्वदावं झालं, तिने मुकुट लोकांपुढे ठेवला, आणि तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही.

सगळे पाहत राहिले. तिकडे पायरीवर बसलेल्या बकुळाच्या गळ्यापर्यंत दगड चढला.

तेव्हा तात्या पायरी उतरून तळावर आले. शेवटचं वाक्य त्यांना पाठ होतं. बावीस वर्षं ते होऊ न देण्यासाठीच तर ते बसले होते.

“मी तुम्हाला बोलू दिलं नाही,” ते म्हणाले. “मला क्षमा करा.”

कातळ तडकला नाही, की वीज पडली नाही. नुसते आवाज बाहेर आले आणि आपापल्या माणसाकडे गेले. एकोणीस जणांनी अंगावरचा शेंदूर झटकला. बकुळाच्या बांगड्या वाजल्या आणि ती तिथेच रडू लागली. केवडा पायरीवर बसली. तिला बोलता येत होतं, पण बोलावंसं वाटत नव्हतं.

त्या वर्षापासून नाटक पुरं होऊ लागलं, आणि खालच्या पायरीवर जो आधी येईल तो बसू लागला, मग राजा मागे उभा असला तरी.

पण त्या दिवशी, सगळे पांगू लागले असताना, आबांनी कानातली पाल झाडली, डोळे चोळले आणि विचारलं, “कितवा अंक चाललाय?”

“नाटक संपलं, आबा,” केवडा म्हणाली. “घरी जा.”