कंदिलातलं चिलट

कातळावर अजून माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका कपारीत कंदिलासारखं फूल उमललं होतं. वासाला भुलून एक चिलट त्याच्या नळीतून आत घसरलं. परत वर चढू लागलं, तर नळीतले राठ केस खाली रोखलेले. वाट बंद!

"लबाडा, फसवलंस मला! दार उघड आधी!"

"ते माझ्या हातात नाही रे," फूल म्हणालं. "माझं सुकणं सुरू झालं, की हे केस आपोआप मऊ पडतील. तोवर थोडा मध आहे, तो घे."

"मग सुक की लवकर!" चिलट फणकारलं.



दुसऱ्या दिवशी केस मऊ पडले आणि फुलाची मान वाकली. "जा आता," ते पुटपुटलं. "तुझ्या तोंडाला माझे पराग चिकटलेत. पुसू नकोस, एवढंच."

चिलट बाहेर आलं. वर मोकळं आभाळ होतं. पलीकडच्या कड्यावर तसाच एक कंदील डुलत होता. चिलट तिकडे वळलेलं पाहून त्या फुलाच्या देठावरचा एक मुंगळा ओरडला, "अरे, आत जाऊ नकोस! अडकशील!"

"ठाऊक आहे," चिलट म्हणालं, आणि तोंड न पुसता आत शिरलं.