अर्ध्या माणसाचा चौरंग

“ऐका होऽऽ! डोंगरपट्टीने आठ दिवसांत राजसभेवर अर्धा माणूस पाठवावा! अख्खा आला तर परत धाडला जाईल! कुणीच आला नाही, तर सभेवरचा हक्क कायमचा बुडाला म्हणून समजावं होऽऽ!”

दवंडीवाला डफ बडवून निघून गेला आणि सगळी डोंगरपट्टी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. अर्धा माणूस आणायचा कुठून?

हा सगळा प्रताप महाराजांच्या न्यायबुद्धीचा. हिरडगडचे खंबीरराव महाराज इतके न्यायी, की पंगतीत पापडाचे तुकडेसुद्धा मोजून वाढायला लावत. राज्यात परगणे तीन आणि राजसभेत चौरंग दहा. आजवर जो जास्त लवून मुजरा करी, त्याला चौरंग मिळे. यंदा महाराजांना न्यायाची उबळ आली. त्यांनी शिरगणती करवली. माणसं भरली एक लाख, म्हणजे दर दहा हजारांमागे एक चौरंग. काठपरगण्यात साडेबावन्न हजार, त्यांचे चौरंग सव्वापाच. माळपरगण्यात साडेबेचाळीस हजार, त्यांचे सव्वाचार. डोंगरपट्टीत पाच हजार, त्यांचा अर्धा. हिशेब कसा चोख! अकरावा चौरंग करावा, तर महाराजांच्या आजोबांनी एकाच सागाच्या खोडातून दहाच घडवून घेतले होते, आणि आजोबांचा शब्द मोडायचा नाही.

“पाच आणि चार, नऊ बसले. राहिला दहावा,” दिवाण रावजीपंत म्हणाले होते. ते काठपरगण्याचे. “त्यात अर्धा वाटा डोंगरपट्टीचा. तेव्हा त्यांनी अर्धाच माणूस पाठवावा, महाराज. नाही जमलं, तर तो चौरंग आम्ही सांभाळू. राज्यासाठी तेवढा त्रास सोसायला हवा.”

केवढी ही राज्याची काळजी! खरी गोम होती डोंगरपट्टीच्या झऱ्यात. दिवाणसाहेबांना तो वळवून आपल्या आमराईत न्यायचा होता. पण कायदा असा, की ज्या परगण्यातलं काम, त्या परगण्याच्या सभासदाने हो म्हटल्याशिवाय कागदावर शिक्का उठत नाही. सभासदच नसेल, तर विचारायचं कुणाला?

गोजराला हे सगळं कळत होतं. ती धोंडू पाटकऱ्याची लेक. पाटकरी म्हणजे गावच्या शेतांना पाळीने पाणी सोडणारा. धोंडूचे गुडघे धरल्यापासून पाळ्या तीच सांभाळी. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडायचं. ते भरून बुडालं, की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. झराच गेला, तर पाळी कसली आणि गाव कसलं!

चावडीवर शहाण्यांची खलबतं चालली होती. एकाने लहान मूल पाठवायचं सुचवलं. दुसऱ्याने आपला जावईच देऊ केला, कामाला तो अर्धाच भरतो म्हणे. गोजराने घटिकापात्र पदरात बांधलं आणि चालू लागली.

“अगं, निघालीस कुठं?” धोंडूने विचारलं.

“अर्धा मानूस पोचवून येते, आबा!”

दरबारात महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. “कुठं आहे अर्धा माणूस?”

“ही काय, म्हाराज. मीच की!”

दिवाणसाहेब खदखदून हसले. “दोन हात, दोन पाय, आणि जीभ तर दीड दिसतेय! ही अर्धी कशी?”

“अर्धीच हाय जी. सहा म्हैने हितं बसंन, सहा म्हैने घरी. वर्साचा हिशेब घाला, बरूबर अर्धा मानूस भरतो!”

दिवाणसाहेबांचं हसू तिथेच थांबलं. गोजराने घटिकापात्र महाराजांपुढे ठेवलं.

“आमच्या गावात पाट एक, शेतं चाळीस. म्हनून कुनी पाट कापत न्हाई, येळ वाटतो. दहाव्या चौरंगाला पाळी लावा, म्हाराज. काठपरगण्याचा पाव, तीन म्हैने. माळपरगण्याचा पाव, तीन म्हैने. आमचा अर्धा, सहा म्हैने. कुनाचं केसभर कमी न्हाई, केसभर जास्त न्हाई, आन् मानूस कापाया करवतबी लागत न्हाई!”

महाराजांनी बोटं मोजली. तीन आणि तीन सहा, सहा आणि सहा बारा. न्यायी होते, म्हणून पुन्हा एकदा मोजली.

“पण महाराज,” दिवाण कळवळून म्हणाले, “सहाच महिने बसली, तरी बोलणार अख्ख्या माणसाएवढं!”

“पाळी अर्धी आसली म्हनून पाट काय अर्धा वाहतो व्हय? आपल्या येळेला त्यो भरूनच वाहतो!”

“मग पहिली पाळी आमची!”

“ज्याचं शेत सुकतंय त्याची पाळी पयली, आशी आमच्याकडली रीत. तुमचे पाच बसल्यात, माळाचे चार. कोरडं कुनाचं हाय, ते म्हाराजांनीच बघावं.”

“बस, पोरी,” महाराज म्हणाले. गोजरा दहाव्या चौरंगावर बसली.

दिवाणसाहेबांनी लगेच बंडीतून कागद काढला. “डोंगरपट्टीचा झरा वळवायचा आहे. संमती?”

“न्हाई!”

“असू दे,” दिवाण गोड हसले. “सहा महिन्यांनी तू घरी जाशील. तेव्हा बघू.”

“बघा की! आता आमाला सभासद हाय. पाळी संपली, तरी सभासद हायेच, फकस्त घरी हाय. त्यानं हो म्हनल्याबिगर शिक्का उठायचा न्हाई. हितं आसताना त्यो न्हाई म्हननार, आन् हितं नसताना हो म्हनायला येनार न्हाई. मग दिवानसाहेब, तुमी ‘हो’ घेनार कवा?”

महाराज इतके हसले, की पगडी कानावर आली. माळपरगण्याचे चौघे तर मांडी थोपटायला लागले. हसता हसताच महाराजांनी झऱ्याचा कागद फाडला.

“डोंगरपट्टी लांब पडते,” डोळे पुसत ते म्हणाले. “दिवाणजी, हिच्या पाळीचे सहा महिने तुमची पालखी हिच्याकडे राहील.”

“आणि मी, महाराज?”

“उरलेले सहा महिने तुम्ही बसा की! कुणाचं केसभर कमी नाही!”