इंजिनाने हात आडवा कसा धरायचा?

"इंजिनाला पेट्रोल पाजणारा पंप शेजारच्या राजाच्या पंपाहून मोठाच हवा! आणि इंजिन पेट्रोलात बुडताही कामा नये!" टेंभूरगडचे राजेसाहेब गरजले. "उद्याच्या शर्यतीआधी जमलं नाही, तर सुभाना, बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर हो!"

सकाळीच शर्यतीची मोटार चार हात धावून, गचके खाऊन, पेट्रोल ओकून बंद पडली होती.

"सरकार, जरा लहान पंप बसवू या," सुभाना मिस्त्री म्हणाला.

"लहान? आम्हाला?" राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. मेंदूचं माप पंपाने मोजायची रीत त्या घराण्यात जुनीच होती!

सुभाना घरी येऊन मटकन बसला. "इंजिन पळेल तसा हा पंप जास्तच ओततोय, बायजा. जास्तीचं जायला वाटच नाही!"

बायजा त्याची लेक, राजवाड्यावर वाढपाला जायची. तिला राजेसाहेबांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी पाहुण्यांची पंगत बसली. बायजाने सगळ्यात मोठं ओगराळं उचललं आणि राजेसाहेबांच्या वाटीत बासुंदी ओतली.

"अगं, भरली वाटी!"

"असू द्या, सरकार! एवढं ओगराळं शेजारच्या राजाकडे नाही!"

बासुंदी वाटीतून ताटात, ताटातून थेट पीतांबरावर!

"अगं बये, बुडवतेस की काय!" राजेसाहेबांनी हात आडवा धरला. बायजा थांबली. ओगराळ्यात उरलेली बासुंदी तिने परत पातेल्यात ओतली.

बायजा म्हणाली, "सरकारांनी हात आडवा धरला, म्हणून वाचले. त्या बिचाऱ्या इंजिनाला हात कुठाय? त्याने 'पुरे' कसं म्हणायचं?"

"मग काय, इंजिनाला हात बसवू?"

"नळी बसवा! इंजिनाचं पोट भरलं की जास्तीचं पेट्रोल त्या नळीने परत टाकीत. पंप ठेवा खुशाल हत्तीएवढा! बघणाऱ्याला तेवढाच दिसतो, आणि सरकारांनाही!"

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. राजेसाहेबांनी चिकट पीतांबराकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि ते एकदम खो खो हसत सुटले.

"सुभानाचं बिऱ्हाड हलणार नाही! मोटारीच्या कामात यापुढे शब्द त्याचा, आमचा नाही! आणि पोरी, हा जरीचा पीतांबर तुला बक्षीस!"

"धुऊन द्या, सरकार!" बायजा म्हणाली.

राजेसाहेबांना हसताना ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना!