घोंगडीशिवायची चावडी

फार मागं, आपल्या मुलखात आगीनगाडी नवी होती तेव्हा, निंबवळीत पलेग आला. घराघरात उंदीर पडले तसं अख्खं गाव वेशीबाहेर माळावर झोपड्या घालून राहिलं. चावडीतली काळी घोंगडी तेवढी मागं राहिली. तिच्यावर बसून सांगितलेलंच गाव मानायचं. बिनघोंगडीच्या पाटलाचं त्याची बायकोही ऐकत नसे, असं म्हणतात.

माळावर विहीर एकच. पाणी आधी कुणाचं, आजाऱ्यांना कुठं ठेवायचं, काही ठरेना. पाटलानं कोतवालाला, येसजीला सांगितलं, "घोंगडी आण."

येसजीची बायको कोंडा म्हणाली, "पाटलाला खडे टोचतात म्हणून तुम्ही मरायला जाणार व्हय?"

येसजी हसला आणि गेला.

घोंगडीवर मेलेले उंदीर होते. त्यानं ती चावडीपुढंच जाळली, आणि वेशीत उभा राहून ओरडला, "घोंगडी गेली. आता मातीवरच बसा. माझा हात लागलाय, मी काही येत नाही."

गाव मातीवर बसलं. मातीवर मानाची जागा कुठली शोधायची? चावडीची पायरी ज्यांना कधी चढू दिली नव्हती ते बसले, बाया बसल्या. कोंडा म्हणाली, "आजारी ओढ्यापल्याड ठेवा, पण पाणी आधी त्यांचं." तेच ठरलं.

कोंडा रोज वेशीच्या दगडावर भाकरी ठेवून लांब उभी राहायची. दिवस कलला की आतून हाक यायची, "कोंडे, जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो."

एका सांजेला हाक आली नाही. ती भाकरी ठेवतच राहिली, आणि सकाळी दगड रिकामा असायचा, असं म्हणतात. कुणी कुत्र्यांचं नाव घेतलं तर कोंडा म्हणे, "मग कोतवालकी कुत्र्यांनी घेतली असंल."

साथ सरली. गाव परतलं तर प्रत्येक अंगण झाडलेलं, प्रत्येक उंबऱ्यावर दिवा तेवत होता, असं म्हणतात. येसजी मात्र कुठंच नव्हता. कोंडा म्हातारी होईतो वेशीत जाऊन बसायची.

आज पंचायतीत खुर्च्या आहेत, पण निंबवळीची ग्रामसभा वेशीपाशी, मातीवर भरते. गुडघे धरून कुरकुरणाऱ्या बायकांत ही गोष्ट सांगणारी मीही असते. सभेआधी गावातली सगळ्यात थोरली बाई वेशीकडं तोंड करून म्हणते, "जेवले. तुम्ही?"

मग सगळे वेशीकडं कान देतात. कामाची घाई असलेला ग्रामसेवकसुद्धा.