पहिल्या पानावरचं नाव

गुप्तहेर विश्रामच्या रहस्यकथा लिहिणारे धामणस्कर आमच्या वेंगुर्ल्याच्या वाचनालयात आले. मालिकेचा नवा भाग त्यांनी ऐटीत टेबलावर ठेवला आणि जुने भाग चाळताच भडकले. प्रत्येकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

"कसले हे वाचक! सगळी मजा घालवली. नवे भाग बघा, किती स्वच्छ!"

इंदूमावशी पुस्तक बदलायला आल्या होत्या. विश्रामवर त्यांचा भारी जीव, पण अलीकडचे भाग त्या अर्ध्यातच परत करायच्या.

"काय मावशी, बरोबर ना?" धामणस्करांनी विचारलं.

"साहेब, खुनी आधीच कळूनही आम्ही जुने भाग जेवण विसरून वाचले. विश्राम जिवंत परततो की नाही, हाच घोर असायचा. नव्यात नाव लिहायचं, तर कुणीतरी शेवटापर्यंत पोचायला हवं ना! मी दर वेळी आशेनं पहिलं पान उघडते. कोरंच असतं."

धामणस्करांनी जुना तिसरा भाग उचलला आणि खुन्याचं नाव ओलांडून तिथंच वाचायला बसले.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "मलाही विश्राम बऱ्याच दिवसांत भेटला नाही."