भिकाशेटचं सोनेरी धनुष्य

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात भिकाशेट नावाचा गुळाचा व्यापारी होता. वय साठीकडे झुकलं तशी त्यानं दुकानाची गादी मुलाच्या हवाली केली आणि स्वतः ओट्यावर येऊन बसला. पण बसून बसून माणूस किती बसणार? भिकाशेटला हौस सुचू लागली. आधी त्यानं गुलाबाची कलमं केली, ती वाळून गेली. मग पोपट पाळला आणि त्याला बोलायला शिकवायला घेतलं. पोपट काही बोलला नाही, भिकाशेटच दिवसभर विठू विठू करत राहिला. माणूस मनाचा वाईट नव्हता. फक्त कुणी वाहवा म्हटलं की ती त्याला स्वतःच्या गुळाहून गोड लागायची.

त्याच गावात नाईकांचं घर होतं. गावाची राखण पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडे होती आणि दसऱ्याचा एक मानही त्यांच्याकडे होता. शिलंगणाला सगळा गाव वेशीबाहेरच्या ओढ्यापर्यंत जायचा. तिथं नाईकांच्या घरचं माणूस ओढ्यापलीकडे बाण सोडायचं. बाण पलीकडे पडला की मगच लोक ओढा ओलांडून आपट्याची पानं तोडायचे. केरबा नाईक वारला आणि हा रिवाज बंद पडला. केरबाची मुलगी तुळसा बापाच्या हाताखाली नेमबाजी शिकली होती. पण बापाचं धनुष्य वळचणीला टांगून टांगून खराब झालं होतं. आतलं लाकूड धड होतं. त्याच्या एका अंगाला बसवलेलं म्हशीचं शिंग सुटायला आलं होतं आणि दुसऱ्या अंगाला चिकटवलेले जनावराच्या वाळक्या शिरांचे धागे पिंजारले होते. तसं धनुष्य करणारा कारागीर पंचक्रोशीत उरला नव्हता, आणि साध्या बांबूच्या धनुष्याचा बाण ओढ्यातच पडत होता. पाटलांनी केरबाच्या बायकोला, अंबूबाईला, स्पष्ट सांगून ठेवलं होतं. यंदाही बाण सुटला नाही तर मान दुसऱ्या घराकडे जाईल.

एके दिवशी भिकाशेट काही कामानं नाईकांच्या दारावरून जात होता. त्याची नजर वळचणीला गेली आणि मनात हौस जागी झाली. त्यानं अंबूबाईला म्हटलं, हे धनुष्य मला द्या, दसऱ्याच्या आत नवं करून आणतो.

अंबूबाईनं विचारलं, "शेट, आधी कधी केलंय का हे काम?"

"आयुष्यभर गुळाच्या ढेपा बांधल्या, अंबूबाई. एक धनुष्य बांधायला काय लागतं?"

ढेपेचा आणि धनुष्याचा संबंध अंबूबाईला कळला नाही. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून तिनं धनुष्य काढून दिलं. देताना तिनं केरबाची रीत सांगितली. दोरी चढवण्याआधी धनुष्य सकाळच्या उन्हात ठेवून त्याला ऊब द्यायची. दोरी दोघांनी मिळून चढवायची. थंड धनुष्यावर जोर करायचा नाही, ते मोडलं तर तुकडा ओढणाऱ्याच्याच तोंडावर येतो. भिकाशेट हो हो म्हणत होता. त्याचं अर्धं लक्ष धनुष्याला कोणता रंग शोभेल याकडे होतं.

काम सुरू झालं आणि खरं सांगायचं तर ते बरं चाललं. भिकाशेटनं जुनी काजळी हलक्या हातानं पुसली. सुटलेलं शिंग सरस लावून बसवलं, दोऱ्यानं गच्च आवळलं आणि सरस वाळेपर्यंत धीर धरला. पिंजारलेले धागे विंचरून सरसातच पुन्हा निजवले. बायकोच्या जुन्या शालूतलं रेशीम मागून घेतलं आणि त्याची दोरी वळली. या कामात त्याला वेगळंच समाधान वाटायला लागलं. जेवायच्या हाका माराव्या लागायच्या.

मग दोरी चढवायचा दिवस आला. या जातीच्या धनुष्याची एक खोड असते. दोरी उतरवली की ते कुत्र्याच्या शेपटीसारखं पुढच्या अंगाला वळून बसतं. दोरी चढवताना त्याला उलट्या दिशेनं मागं फिरवावं लागतं, तिथंच त्याची सगळी ताकद असते. भिकाशेटला हे कुठून ठाऊक? जिकडे ते आपणहून वळलं होतं तिकडेच त्यानं दोरी बांधली. किती सहज बांधली गेली म्हणून तो खूश झाला. ओट्यावर माणसं जमवून त्यानं बाण लावला आणि सोडला. बाण ओट्याच्या पायरीवर पडला. माणसं पोट धरून हसली.

अंबूबाई तेवढ्यात तिकडून चालली होती. तिनं धनुष्य पाहिलं आणि ते उलटं बांधल्याचं साध्या शब्दांत सांगितलं. ती हसली नाही. पण भिकाशेटला लोकांच्या हसण्याचा राग आला होता. आत्ताच्या आत्ता सरळ करून दाखवतो, अशा ईर्ष्येनं त्यानं दार लावून घेतलं. ऊन कलून गेलं होतं. ऊब देण्याइतका धीर त्याला नव्हता आणि कुणाला मदतीला बोलावण्याची लाज वाटत होती. त्यानं धनुष्याच्या मुठीवर गुडघा दिला, दोन्ही टोकं धरली आणि जोर केला.

आतून कट् असा आवाज आला.

मुठीच्या जरा वर, शिंग आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली होती. दाबली की मिटत होती, सोडली की उघडत होती. आतापर्यंत भिकाशेटला एवढं तरी समजलं होतं की ही फट बुजवायची तर सगळं पुन्हा उकलायला हवं, नवे धागे, नवा सरस, आणि पुढचा उन्हाळा जाईपर्यंत वाळवण. दसरा तर तोंडावर आला होता. त्यानं फटीत सरस भरला, वरून दोरा गुंडाळला आणि दोऱ्यावर लाखेचा जाड हात दिला. लाखेवर हिंगुळाचा लालभडक रंग चढवला. हिंगुळावर सोन्याच्या वर्खाची वेल काढली, वेलीला पानं काढली, पानांवर राघू बसवले. इतकं मन लावून त्यानं जन्मात काही केलं नव्हतं.

धनुष्य पाहायला सारा गाव लोटला. पाटील स्वतः आले आणि माझीही तलवार अशीच करून द्या म्हणाले. अंबूबाईचे डोळे भरून आले. तिनं दृष्ट काढावी तशी धनुष्यावरून बोटं मोडली आणि ते पदरात गुंडाळून घरी नेलं. एवढी वाहवा भिकाशेटला कधी मिळाली नव्हती, आणि ती पहिल्यांदाच त्याला गोड लागली नाही. तो स्वतःची समजूत घालत राहिला. एकच तर बाण सोडायचाय. सरस चांगला होता. काही होणार नाही. अंबूबाईला जाऊन सांगावं असं रोज मनात यायचं, आणि रोज कुणीतरी रस्त्यात भेटून त्या राघूंचं कौतुक करायचं. मग भिकाशेट तिथूनच परत फिरायचा.

दसरा उजाडला. तुळसानं रीतीप्रमाणे धनुष्य उन्हात ठेवलं, आईच्या मदतीनं सावकाश दोरी चढवली. लाखेच्या जाड थराखाली दोघींना काही जाणवलं नाही. झेंडूची फुलं आणि हळदकुंकू वाहून धनुष्याची पूजा झाली. दुपार कलल्यावर वाजतगाजत सगळे ओढ्यावर आले. पाटलांनी भिकाशेटला पुढं बोलावून गळ्यात हार घातला. तुळसा काठावर उभी राहिली. तिनं बाण लावला, धनुष्य उचललं आणि दोरी ओढायला घेतली.

भिकाशेटला तिचा चेहरा दिसला. किती आनंदानं ती उभी होती! त्या चेहऱ्यासमोर ती फट आहे हे साऱ्या गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

"तुळसा, थांब. ओढू नकोस."

वाजंत्री थांबली. भिकाशेट पुढं गेला आणि त्यानं तिच्या हातातलं धनुष्य खाली करवलं. तो म्हणाला, "हे आतून मोडलंय. मी मोडलं आणि मीच त्यावर रंग चढवला."

गंमत अशी की कुणाचा विश्वास बसेना. पाटील म्हणाले, शेट, विनय पुरे झाला. मागून कुणीतरी ओरडलं की एवढ्या देखण्या कामाला नजर लागेल, असं अभद्र बोलू नका. याच घटकेला भिकाशेट हसून मागं सरकला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्यानं शेजारच्या माणसाच्या कमरेचा विळा मागून घेतला, खाली बसला आणि मुठीवरची सोन्याची वेल खरवडायला लागला. एकेक पान गळून पडलं. राघू गेले, हिंगूळ गेला, लाखेच्या खपल्या उडाल्या, दोरा तुटला. मग त्यानं दोन्ही टोकांवर जरासा भार दिला. फट सगळ्यांना दिसेल एवढी उघडली.

भिकाशेटनं गळ्यातला हार काढला आणि पाटलांपुढं हात जोडले. म्हणाला, "दोष माझा आहे. मान त्यांचा काढू नका."

पाटील पेचात पडले. बाण तर सुटला नव्हता, आणि रिवाज म्हणजे रिवाज. इतक्यात तुळसानं बाण तसाच मुठीत धरला, लुगड्याचा काठ खोचला आणि ती पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यातून चालत ती पलीकडे गेली आणि तिनं बाण काठाच्या मातीत रोवला. नाईकांचा बाण ओढ्यापलीकडे पोचला होता. पाटलांनी बाणाकडे पाहिलं, गावकऱ्यांकडे पाहिलं आणि यंदापुरतं हे चालेल म्हणून सांगितलं. लोक ओरडत पाण्यात घुसले.

अलीकडच्या काठावर भिकाशेट आणि अंबूबाई दोघंच उरली. अंबूबाई रागावली होती आणि तिनं तो राग लपवला नाही. "लेकीच्या डोळ्यावर बेतलं होतं, शेट. मला त्याच दिवशी सांगायचं होतं तुम्ही."

भिकाशेटनं मान खाली घातली आणि धनुष्य तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं, फटीवरून बोट फिरवलं, बराच वेळ पाहिलं. मग ते परत त्याच्याच हातात दिलं.

"घ्या. आता नीट करून द्या."

"मी? माझ्याच हातून मोडलं हे, अंबूबाई."

"मोडतं हो, नव्या माणसाच्या हातून मोडतंच. लपवणाऱ्याला मी दिलं नसतं. पण भरल्या गावात सांगितलंत ना, आता द्यायची भीती नाही."

भिकाशेट त्या जागी लहान पोरासारखा रडला.

त्यानं धनुष्य सगळं उकललं. काही अडलं की तो नाईकांच्या ओट्यावर जायचा आणि विचारायचा. अंबूबाईला आठवेल तेवढं ती सांगायची. तिला आठवलं नाही की दोघं डोकं लावायची. तुळसा जोर लावून पाहायची आणि कुठं कमी पडतंय ते सांगायची. सरसाचा एक थर वाळल्याशिवाय त्यानं दुसरा दिला नाही. पावसाळ्यात धनुष्याला ओल लागू नये म्हणून ते चुलीच्या भिंतीशी उबेला ठेवलं. बायको म्हणायची, नातवाला एवढं जपलं नाही तेवढं या काठीला जपताय. वर्ष कसं गेलं ते त्याला कळलं नाही.

पुढच्या दसऱ्याला धनुष्य ओढ्यावर आलं तेव्हा त्यावर ना सोनं होतं ना राघू. शिंग शिंगासारखं काळं दिसत होतं आणि मुठीशी दोऱ्याचे साधे वेढे होते. बऱ्याच जणांना ते पसंत पडलं नाही. मागचं किती देखणं होतं, असं लोक आपसात म्हणाले. भिकाशेटनं ते ऐकलं, मुठीचे वेढे एकदा बोटानं तपासले आणि धनुष्य तुळसाच्या हातात दिलं.

तुळसानं दोरी ओढली. धनुष्य सावकाश, आवाज न करता वाकलं आणि बाण सुटला. सगळ्या गावाच्या माना बाणामागं वळल्या. एकटा भिकाशेट बाणाकडे पाहतच नव्हता. तो मुठीकडे पाहत होता, आणि मूठ अभंग होती. मग त्यानं नजर वर केली. तुळसाचे दोन्ही डोळे त्याच्याकडे पाहून हसत होते.

तात्पर्य: नवशिक्याच्या हातून चूक होतेच, तिची लाज बाळगू नये. पण चुकीवर रंग चढवला तर तिचा घाव दुसऱ्याला बसतो. मोडलेलं मोडलं म्हणून सांगावं, तरच ते जोडता येतं.